गावाकडच्या हॉटेलला परमिट रूमचा परवाना: विदर्भात कुठून सुरुवात करायची

ढाबा बरा चालतोय, सावजी रस्सा खायला तालुक्याहून माणसं येतात आणि संध्याकाळी कुणी ना कुणी विचारतंच, "बसायची सोय आहे का?" बहुतेक हॉटेलवाल्यांच्या डोक्यात परमिट रूम इथूनच शिरते. मग एखादा एजंट भेटतो, "कागदांचं माझ्याकडे सोडा" म्हणतो आणि टिनाच्या शेडच्या जागी स्लॅब पडतो. सहा-आठ महिन्यांनी कळतं की त्या जागेला परवाना मिळूच शकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी अशा फाइली तयार करून देण्याचं काम मी करतो. बुडालेली माणसं पाहिली, ती जवळपास सगळी याच क्रमाने बुडाली: बांधकाम आधी, चौकशी मागाहून. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी जिल्हा, मग जागा, मग गाव, आणि अर्ज त्याच्याही नंतर.

त्याआधी ढाब्यावरचं पिणं बंद करा

परवाना नसताना "बाटली गिऱ्हाइकाची, आपण फक्त ग्लास आणि पाणी देतो" असं बरेच ढाबे चालवतात. हा गुन्हा आहे. आपल्या राज्याचा कायदा मुळात दारूबंदीचा आहे, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. म्हणजे दारूला मनाई हा नियम आणि परवाना हा अपवाद. या कायद्याच्या कलम ६८ खाली पिण्याची जागा देणारा ढाबामालक सापडतो आणि कलम ८४ खाली तिथे बसून पिणारा. म्हणजे तुमचं गिऱ्हाईकही तुमच्यासोबत कोर्टात उभं राहतं. उद्या तुम्ही अर्ज कराल तेव्हा पोलिसांचा अहवाल मागवला जाणार आहे, आणि त्यात हीच केस वर येईल. परवाना घ्यायचा पक्का विचार असेल, तर आजपासून टेबलावर बाटली दिसू देऊ नका.

कोणता परवाना?

हॉटेलात बसून विदेशी मद्य, बिअर, वाइन द्यायची असेल तर एफएल-३. यालाच आपण परमिट रूम म्हणतो. तो मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ खाली मिळतो. फक्त बिअर-वाइन द्यायची असेल तर नमुना ई. सीलबंद बिअर विकायची असेल तर एफएल/बीआर-२, म्हणजे बिअर शॉपी. तिथे बसून पिता येत नाही. वाइन शॉप (एफएल-२) आणि देशी दारूचं दुकान (सीएल-३) यांचे नवे परवाने राज्याने १९७० च्या दशकापासून थांबवून ठेवले आहेत. ती दुकानं जुन्या परवान्यांवरच चालतात. कुणी "नवीन वाइन शॉपचं लायसन्स काढून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पहिली पायरी: जिल्हा आणि हद्द

विदर्भात हा प्रश्न इतर कुठल्याही भागापेक्षा मोठा आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. तिथे परमिट रूमचा विषयच संपतो. चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती, ती उठवण्याचा निर्णय मे २०२१ मध्ये झाला. बंदीच्या काळात तिथल्या परवानाधारकांनी हॉटेलं बंद ठेवली, काहींनी परवाने दुसऱ्या जिल्ह्यात हलवले. म्हणून सीमेजवळ पैसे गुंतवणाऱ्याला मी नेहमी सांगतो, आजची स्थिती कायमची धरून चालू नका. बायाबापड्यांच्या मोर्च्यांनी जिल्हे बंद झालेले आपण याच भागात पाहिलेत.

नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दक्षिणेकडे निघा. बुटीबोरी नागपूर जिल्ह्यात, तिथे परवाना शक्य. पुढे जाम आणि हिंगणघाट वर्धा जिल्ह्यात, तिथे नाही. त्याच रस्त्यावर वडकी लागलं की यवतमाळ जिल्हा, तिथे परत शक्य. पण वडकी राळेगाव तालुक्यात, पुढचं पांढरकवडा केळापूर तालुक्यात, आणि या दोन्ही तालुक्यांतली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी जाहीर केलेल्या क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायदा लागू होतो. एकाच डांबरी रस्त्यावर दोन-तीन तासांत तीन वेगळे कायदेशीर प्रदेश ओलांडले जातात.

पेसा म्हणजे १९९६ चा पंचायत विस्तार कायदा. त्यात नशा आणणाऱ्या पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालण्याचा, नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. यवतमाळचे केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी, अमरावतीचे धारणी आणि चिखलदरा, चंद्रपूरचा राजुऱ्याकडचा भाग, इथे जागा पाहत असाल तर आधी ते गाव अनुसूचित यादीत आहे का ते तहसीलमधून तपासा. असेल, तर आणखी एक प्रश्न विचारा: ही जागा ज्या पोडात किंवा टोल्यात, म्हणजे गावापासून सुट्या वस्तीत येते, त्याची स्वतंत्र ग्रामसभा जाहीर झाली आहे का? पेसाखाली वस्ती स्वतःचं गाव होऊ शकते. मग गटग्रामपंचायतीच्या मोठ्या गावात झालेला ठराव पुरत नाही, त्या पोडाची ग्रामसभा लागते. मेळघाटात रिसॉर्ट काढायला बाहेरून येणारे लोक नेमके इथेच अडकतात.

दुसरी पायरी: टेप घेऊन जागेवर जा

शाळा, महाविद्यालय, धार्मिक संस्था आणि एसटीचं बसस्थानक किंवा आगार यांच्यापासून परमिट रूम ७५ मीटरपेक्षा लांब हवी. हे अंतर नकाशावर सरळ रेघ मारून मोजत नाहीत. तुमच्या दाराच्या मध्यापासून, माणूस नेहमी ज्या वाटेने पायी जातो त्या सर्वांत जवळच्या वाटेने, शाळेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. आवारभिंत नसेल तर इमारतीच्या जवळच्या दारापर्यंत. गावात इथेच गडबड होते. शाळेला मागच्या बाजूने पडलेल्या भिंतीतून रस्ता झालेला असतो आणि पोरं तिथूनच येतात-जातात. मोजायला जाल तेव्हा शाळा सुटायच्या वेळेला जा, पोरं कुठून बाहेर पडतात ते पाहा आणि मग टेप लावा. जि.प.ची शाळा, खासगी शाळा, बालवाडी, सगळ्यांकडून मोजा. बालवाडी नियमात बसते की नाही यावर नंतर वाद घालण्यापेक्षा ती धरूनच जागा निवडलेली बरी.

धार्मिक संस्था म्हणजे नियमाप्रमाणे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या ताब्यातलं देऊळ, मशीद, विहार, चर्च. वेशीवरचं मारोतीचं देऊळ बहुतेक गावांत कुठेच नोंदलेलं नसतं. कागदावर ते आडवं येत नाही. ग्रामसभेत मात्र नक्की येतं, आणि यायलाच हवं, कारण गावाच्या दृष्टीने ते देऊळ नोंदीने होत नाही. अंतर कायद्याला पुरत असलं, तरी देवळासमोरची जागा सोडून द्या.

महामार्गाचा नियम वेगळा आहे आणि जास्त कडक. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायला मनाई केली. ३१ मार्च २०१७ ला त्यात बदल झाला, २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केलं. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका-महानगरपालिका हद्दीला मोकळीक मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ग्रामपंचायत क्षेत्रांपैकी कोणती शहरासारखी धरायची, हे ठरवायचं काम राज्यांवर सोडलं. म्हणून "महामार्गाचा नियम आता उठला" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. तुमचा गट नंबर आणि रस्त्याचा दर्जा लिहून राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात अर्ज द्या आणि आपलं गाव कोणत्या वर्गात येतं याचं लेखी उत्तर घ्या. रस्त्याचा दर्जा बांधकाम विभागाकडून घ्यायचा, बोर्ड पाहून ठरवायचा नाही. जिल्हा मार्ग म्हणून माहीत असलेले किती तरी रस्ते मधल्या काळात राज्य महामार्ग झाले आहेत.

मग जमीन. सातबारा काढा आणि भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग २, म्हणजे विक्री-हस्तांतरावर सरकारी शर्ती असलेली जमीन असेल, तर शर्ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे पूर्वमंजुरीशिवाय विकत तर नाहीच, भाड्यानेही घेता येत नाही. शंभराच्या स्टॅम्पवर केलेली समजूत इथे कामाची नाही, उलट ज्या कुटुंबाची जमीन आहे त्यांचंही नुकसान होतं. गावठाणातली जागा असेल तर नमुना ८ चा उतारा, बाहेरची असेल तर वाणिज्य वापर कायदेशीर आहे हे दाखवणारा महसुली कागद, आणि बांधकामाची परवानगी. भाड्याची जागा असल्यास नोंदणीकृत भाडेकरार करा, आणि घरमालकाने दारूच्या परवान्याला संमती दिल्याचं त्यात स्पष्ट लिहून घ्या. मोठा भाऊ सही देतो आणि धाकटा हरकत घेतो, हे कित्येक फाइलींत झालं आहे. सातबारावर जितकी नावं, तितक्या सह्या.

तिसरी पायरी: ग्रामसभा

ग्रामपंचायत हद्दीतल्या परमिट रूमला ग्रामसभेचा ठराव लागतो. सरपंचाचं पत्र किंवा मासिक सभेतला सदस्यांचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा ठराव नाही. हा फरक लक्षात न आल्याने कित्येक अर्ज परत येतात.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. विषयपत्रिकेवर तुमचा विषय स्वतंत्र आणि नावानिशी असला पाहिजे. "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" याखाली परमिट रूमचा ठराव उरकून घेऊ नका. कुणी हरकत घेतली की असा ठराव टिकत नाही, आणि गावात तुमच्याविषयी जो संशय बसतो तो पुढे अनेक वर्षं जात नाही. ठरावाची प्रत घेताना हजेरीपटाची प्रतही घ्या.

आता यातला खरा भाग. महिलांच्या सभेला स्वतः जा. एजंटला पाठवू नका, मेव्हण्यालाही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी अशा सभेला बसलो होतो. हॉटेलवाल्याने रोजगार, कर, विकास, सगळं सांगून झालं. मागे बसलेल्या एका बाईने एवढंच विचारलं, "पोरी शिकवणीवरून सातला येतात. तुमच्या दारावरून येतील की मागच्या पांदणीनं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सभेला तो नकाशा घेऊन आला. दार रस्त्याच्या बाजूने काढून आतल्या अंगणाकडे वळवलं होतं, समोर दिवा लावायचं कबूल केलं होतं आणि गाड्या लावायची जागा मागे नेली होती. त्यानंतरही काही बायांनी विरोधच केला, तो त्यांचा हक्क होता. पण प्रश्नाला उत्तर मिळालं होतं आणि ठराव बहुमताने झाला.

विरोध करणाऱ्या बायांना "राजकारण करतात" म्हणणं सोडून द्या. त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरात कापसाचे चुकारे हातात आले की पैसा कुठे जातो, हे त्यांना पाठ आहे. त्यांच्या अनुभवाला उत्तर द्यायचं असेल तर लेखी द्या: गावातल्या कुणालाही उधारीवर दारू देणार नाही, ठरलेल्या वेळेनंतर दार उघडं राहणार नाही, बाटली बाहेर नेऊ देणार नाही. आणि जे लिहाल ते पाळा.

न पाळलं तर काय होतं? राज्याच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हं असतात. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की परवाना बंद होतो. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त, हे नीट वाचा. यादीत ६०० बाया असतील तर ३०१ मतं लागतात. मजुरीला बाहेरगावी गेलेलीचं मतही त्यामुळे उभ्या बाटलीच्या बाजूला धरल्यासारखं होतं. एवढी अवघड अट असूनही बायांनी गावंच्या गावं जिंकली आहेत. परवाना देणारा जिल्हाधिकारी असला, तरी तो टिकवायचा की नाही हे शेवटी गावातल्या बाया ठरवतात.

गावाचं मन स्पष्टपणे विरोधात असेल तर इथेच थांबा. रस्सा-भाकरीचं हॉटेल चांगलं चालवा. या टप्प्यावर तुमचे फार तर चार कागदांचे पैसे गेलेले असतात.

चौथी पायरी: फाइल

हे काम किचकट दिसतं, पण वरच्या तीन पायऱ्या पार केल्या असतील तर सोपं आहे. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ऑनलाइन सेवेवर भरायचा असतो. तो जिल्हा अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सोबत लागतात: ओळख आणि रहिवासाचे कागद, जागेचे कागद, ग्रामसभेचा ठराव, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, अन्न सुरक्षेचा परवाना, आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. कामगार कायद्यात ठरवलेल्या संख्येपेक्षा कमी असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती सूचना पुरते. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र. त्यात पुढे एक जरी नाव बदललं तरी विभागाची परवानगी लागते.

नकाशाकडे लक्ष द्या. त्यात जेवणाची जागा, परमिट रूम, स्वयंपाकघर आणि मद्याचं गोदाम वेगवेगळं दाखवा, मापं लिहा. परवाना त्या नकाशातल्या खोलीला मिळतो. नंतर हिवाळ्यात अंगणात शेकोटीभोवती टेबलं मांडली आणि तिथे दारू दिली, तर ती परवान्याबाहेरची विक्री ठरते. अंगणात बसवायचं असेल तर आधीच नकाशात दाखवा.

फी गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ठरते आणि दरवर्षी सुधारते. चालू वर्षाचा तक्ता अधीक्षक कार्यालयातून घ्या, चलनाने सरकारी खात्यात भरा. रोख कुणाच्याही हातात देऊ नका.

पाचवी पायरी: पाहणी आणि आदेश

दुय्यम निरीक्षक किंवा निरीक्षक जागेवर येतात, पंचांसमोर अंतर मोजतात, पंचनामा करतात. त्या दिवशी हजर राहा आणि टेप कुठून कुठे लावला ते स्वतः पाहा. तुमच्या मोजणीत आणि त्यांच्या मोजणीत फरक आला तर तिथेच बोला, पंचनाम्यात लिहायला लावा. पोलिसांचा अहवाल वेगळा जातो. मग जिल्हाधिकारी आदेश काढतात. नामंजूर झाला तर कारणांसह आदेशाची प्रत मागा. त्याविरुद्ध कायद्याच्या कलम १३७ खाली राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येतं, पुढे शासनाकडे जाता येतं. मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून प्रत हातात पडताच वकिलाला दाखवा.

परवाना मिळाल्यावरचं पहिलं वर्ष

माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच घ्या, वाहतूक पासासह. सीमेपलीकडून स्वस्तात आलेली एक पेटी अख्खा परवाना घालवते. नोंदवही रोजच्या रोज लिहा: सुरुवातीचा साठा, आलेला, विकलेला, उरलेला. काउंटरवर जो माणूस बसतो त्याचा नोकरनामा, म्हणजे त्याला मद्य विकायला नेमल्याचा कागद, विभागाकडून मंजूर करून घ्या. पेग मोजायची मापं वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासून शिक्का मारलेली हवीत.

पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी मद्यासाठी ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये, आजीवन १००० रुपये. एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं हॉटेलातच ठेवावी लागतात आणि खरोखर फाडावी लागतात. बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण, बाकी मद्यासाठी २५. गावात सगळे ओळखीचे असतात, "हा अमक्याचा पोरगा" म्हणून वय विचारलं जात नाही. विचारा, आणि ओळखीच्या पोरांना सर्वांत आधी विचारा.

कराचं गणित बदलतं. जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट, दोन्ही नोंदणी वेगळ्या. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. आतापर्यंत ढाबा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असेल तर दारू विकायला लागल्यावर त्यात राहता येत नाही. हे सीएला आदेश येण्याआधीच सांगा, कारण भावफलक त्यावर ठरवावा लागतो.

ड्राय डे: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, शिवाय निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. पोळा, तान्हा पोळा, विसर्जन अशा दिवशी जिल्हाधिकारी कलम १४२ खाली जिल्हा किंवा ठरावीक ठाण्यांची हद्द बंद ठेवू शकतात. हे आदेश आदल्या संध्याकाळीही येतात, म्हणून ठाण्याशी आणि निरीक्षक कार्यालयाशी संपर्क ठेवा.

परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नूतनीकरणाचं काम फेब्रुवारीतच सुरू करा, कारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चलन, सर्व्हर आणि कार्यालय तिन्ही ठिकाणी गर्दी असते. ३१ मार्चच्या रात्री फी भरलेली नसेल तर १ एप्रिलला सकाळी दार उघडता येत नाही, आणि आत उरलेला सगळा साठा त्या दिवशी विनापरवाना ठरतो.